चुकलेला भाव कुणाच्या नावावर?

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या सुशिक्षित घरांचं एकमत फार थोड्या गोष्टींवर होतं. पाण्याच्या टँकरचा दर ही एक, कुंदलहळ्ळीचा ट्रॅफिक ही दुसरी. अलीकडे त्यात तिसरीची भर पडली आहे. ऑनलाइन दुकानाने एखाद्या वस्तूचा भाव चुकून कमी दाखवला, गिऱ्हाइकाने तो पाहून पैसे भरले आणि दुकानाने मागाहून ऑर्डर रद्द केली, तर त्यात गैर काही नाही, असं हे तिसरं एकमत. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी रद्द झालेल्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट टाकायचा अवकाश, लगेच उपदेश सुरू होतो. ‘अरे, सिस्टिमची चूक होती. रिफंड आला ना? मग विषय संपला. एवढ्या स्वस्तात ती वस्तू मिळेल असं तुला वाटलंच कसं?’ खाली दहाबारा अंगठे उमटतात. ज्याचा सौदा मोडला तोच ओशाळून स्क्रीनशॉट पुसून टाकतो.

मला चीड येते ती या अंगठ्यांची. कंपनीने कंपनीची बाजू मांडली तर समजू शकतं, तिला त्यासाठी वकील आहेत. पण ज्याच्या खिशातून पैसे गेले आणि हातात काही आलं नाही, त्याला त्याच्याच शेजाऱ्यांनी लोभी ठरवायचं आणि अब्जावधींची उलाढाल असलेल्या दुकानाला ‘बिचारं’ म्हणायचं, हे कुठून आलं? बरं, हे सांगणारे शेजारी अडाणी नाहीत. त्यांतले निम्मे आयटीपीएल, ईपीआयपी नाहीतर आउटर रिंग रोडवरच्या एखाद्या कचेरीत असल्याच यंत्रणा लिहितात. भाव पडद्यावर कसा येतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि तरीही ‘ग्लिच’ म्हणताना त्यांचा सूर असा असतो की जणू काही वळवाची गार पडली आणि आंब्याचा मोहोर झडला.

तर या ग्लिचपासूनच सुरुवात करू. ऑनलाइन भाव आभाळातून पडत नाही. विक्रेता तो स्वतः भरतो, नाहीतर हजारो वस्तूंची फाइल एकदम चढवतो. काही विक्रेते प्रतिस्पर्ध्याचा भाव पाहून आपला भाव आपोआप खालीवर करणारी साधनं लावतात. मग शून्य गळतं, दशांश चिन्ह सरकतं, डझनाच्या खोक्याला एका नगाचा भाव लागतो, दोन कूपनं एकमेकांवर चढतात. या सगळ्या चुका माणसांच्या किंवा माणसांनी नेमलेल्या यंत्रांच्या आहेत. नवा भाव जुन्याच्या निम्म्याहून खाली गेला तर तो आधी माणसाला दाखवा आणि मगच लावा, ही अट घालायला किती ओळी लागतात? व्हाइटफील्डमधला कोणताही फ्रेशर चहा निवण्याआधी लिहून देईल. ती अट नसते याचा अर्थ ती घालायचा खर्च कुणाला करावासा वाटत नाही. का वाटावा? ऑर्डर रद्द करणं फुकट पडतं.

गंमत अशी की भावाच्या याच यंत्रणेचं कौतुक सांगताना कंपन्या थकत नाहीत. मागणी, साठा, तास, पिनकोड बघून क्षणाक्षणाला भाव ठरवणारी बुद्धी आमच्याकडे आहे, असं परिषदांमधून सांगितलं जातं. म्हणजे भाव चढवायचा असतो तेव्हा यंत्र सर्वज्ञ, आणि चुकून उतरला की तेच यंत्र अजाण बालक. दोन्ही कसं चालेल?

आता सगळ्यात लाडका मुद्दा. पैसे परत मिळाले, म्हणजे नुकसान शून्य. दादरच्या एका ग्राहकाची हकिकत इथे ऐकण्यासारखी आहे. जुलै 2022 मध्ये त्याने फ्लिपकार्टवर आयफोन मागवला आणि 39,628 रुपये भरले. काही दिवसांनी ऑर्डर रद्द झाल्याचा निरोप आला. कंपनीचं म्हणणं असं की डिलिव्हरीवाला जाऊन आला, ग्राहक भेटला नाही. ग्राहकाला सांगण्यात आलं, नव्याने ऑर्डर द्या. नव्याने बघितलं तर त्याच फोनचा भाव सुमारे 7,000 रुपयांनी वाढलेला. पैसे परत मिळाले होते. आपल्या शेजाऱ्यांच्या हिशेबाने विषय तिथेच संपायला हवा होता. मध्य मुंबई जिल्हा ग्राहक आयोगाला मात्र तसं वाटलं नाही. जास्त नफा कमावण्यासाठी ऑर्डर मुद्दाम रद्द केली आणि ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं म्हणत आयोगाने 2024 मध्ये कंपनीला 10,000 रुपये भरपाई द्यायला लावली.

कुणी म्हणेल, इथे भाव चुकलाच नव्हता. मला तर हीच गोष्ट दाखवायची आहे. चुकलेला भाव आणि पस्तावलेला भाव यांतला फरक बाहेरून कुणाला कळतो? सकाळी दिलेला भाव संध्याकाळी परवडेनासा झाला, साठा संपत आला, दुसरा कुणी जास्त द्यायला तयार झाला, तरी गिऱ्हाइकाला येणारा निरोप तोच: ‘तांत्रिक कारणास्तव आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे.’ चूक खरी होती की नाही हे फक्त दुकानालाच माहीत, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर कुणी टाकत नाही. ‘चूक झाली’ एवढं म्हटलं की कोणताही सौदा मोडता येतो असं एकदा मान्य केलं, की तोट्याचा प्रत्येक सौदा चूक ठरणार. मग भाव म्हणून जे पडद्यावर दिसतं ते नेमकं काय असतं? बघून घेऊ, परवडलं तर देऊ, नाही परवडलं तर नाही देऊ, असा मोघम विचार?

आणि नुकसान होत नाही हे तरी खरं का? यूपीआयने पैसे जातात एका सेकंदात आणि परत येतात ‘पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत’. तोवर सेल संपलेला असतो, दुसरीकडचा बरा भाव गेलेला असतो, कार्डावरची सवलत वापरून झालेली असते. लाखो लोकांचे पैसे आठवडाभर बिनव्याजी फिरवायला मिळणं हा कुणाचा फायदा, हेही एकदा मोजावं.

‘पण माणसाला कळायला नको का?’ हा पुढचा टोला. लोभी गिऱ्हाइकाचा मुद्दा. लॅपटॉप कधी 190 रुपयांना मिळतो का?

हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. 2014 मध्ये ओडिशातल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने अॅमेझॉनवर 23,499 रुपयांचा लॅपटॉप 190 रुपयांना दाखवलेला पाहिला, मागवला, त्याला ऑर्डर पक्की झाल्याचा निरोपही आला. दोनएक तासांत ऑर्डर रद्द झाली. पोरगा भांडला. आम्ही नुसता बाजार भरवतो, विकणारे दुसरेच आहेत, असं कंपनीने सांगून पाहिलं. 2021 मध्ये ओडिशा राज्य ग्राहक आयोगाने निकाल दिला की प्रस्ताव झाला, स्वीकार झाला, करार पुरा झाला. भरपाई 30,000, दंडात्मक नुकसानभरपाई 10,000, खर्च 5,000 रुपये. लॅपटॉपच्या खऱ्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट! ग्रुपवरच्या ज्यांनी त्याला लोभी म्हटलं असतं, त्यांनी हा निकाल एकदा निवांत वाचावा.

मला तर वाटतं त्या विद्यार्थ्याची समजूत अगदी रास्त होती. कारण काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे ओळखायची आपली क्षमता कुणी मारली? याच दुकानांनी. एक रुपयात मोबाइलचे फ्लॅश सेल शाओमीने केले. फेब्रुवारी 2016 मध्ये नोएडाच्या रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीने 251 रुपयांत स्मार्टफोन जाहीर केला, समारंभ केला, बुकिंग घेतलं, आणि देश त्यावर तुटून पडला. 6 ऑक्टोबर 2014 ला इथल्याच, बेंगळुरूच्या फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ भरवला. दुसऱ्या दिवशी संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. त्या पत्रात भाव बदलल्याची, माल संपल्याची आणि ऑर्डरी रद्द झाल्याची कबुली होती. वर्षातून चारदा ‘90 टक्क्यांपर्यंत सूट’ म्हणून पानभर जाहिराती द्यायच्या, घड्याळ उलटं धावताना दाखवायचं, ‘फक्त 2 शिल्लक’ म्हणून घाई करायची, विचार करायला उसंत द्यायची नाही, आणि त्याच घाईत माणसाने बटण दाबलं की म्हणायचं, जरा विचार करायला नको होता का? लोकांनी अशक्य भावांवर विश्वास ठेवावा यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं पैसा ओतला, त्यांनीच त्या विश्वासाला लोभ म्हणायचं?

जिथे दुकानांना आपलं नाव राखायचं असतं, तिथे ती चुकलेला भाव गिळतात. 2002 साली इंग्लंडमध्ये कोडॅकच्या संकेतस्थळावर 329 पौंडांचा कॅमेरा 100 पौंडांना लागला. कंपनीने आधी ऑर्डरी नाकारल्या, गिऱ्हाइकं एकत्र येऊन कोर्टाची भाषा बोलू लागली, तेव्हा मुकाट्याने कॅमेरे पाठवले. अॅमेझॉनच्या 2019 च्या प्राइम डेला अमेरिकेत सुमारे 13 हजार डॉलरची कॅमेऱ्याची लेन्स 94 डॉलरच्या आसपास विकली गेली आणि बऱ्याच जणांच्या घरी खरोखरच पोचली. त्यामुळे कुठली कंपनी बुडाली नाही. तिकडे पाठवता येतं, मग इकडेच ‘सिस्टिम’ आडवी का येते?

अर्धवट कायदा वाचलेल्यांचा एक वर्ग आहे. तो म्हणतो, भाव दाखवणं म्हणजे प्रस्ताव नव्हे, ते नुसतं निमंत्रण. प्रस्ताव गिऱ्हाईक करतो, दुकानाला वाटलं तर स्वीकारावा. हा सिद्धांत जुना आहे, खरा आहे, आणि तो दुकानाच्या काचेत मांडलेल्या वस्तूंसाठी जन्मला. काच पैसे घेत नाही. काच ऑर्डर नंबर देत नाही, ‘धन्यवाद, आपली ऑर्डर पक्की झाली’ असंही म्हणत नाही. संकेतस्थळ हे सगळं करतं. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्याचं कलम 22 अगदी सरळ आहे: वस्तुस्थितीबद्दल एकाच पक्षाची चूक झाली, एवढ्या कारणाने करार रद्दबातल ठरवता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कायदेपंडितांना जे समजलं, ते क्लाउडवर काम करणाऱ्यांना जड का जावं?

सिंगापूरचा दाखला माझ्या तोंडावर फेकला जाईल हे माहीत आहे. 2003 च्या जानेवारीत तिथे 3,854 डॉलरचा प्रिंटर 66 डॉलरना लागला, सहा जणांनी मिळून 1,606 प्रिंटर मागवले, आणि कोर्टाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. बरोबर दिला. रात्री उठून मित्रांना उठवून घाऊक माल उचलणाऱ्याला भाव चुकलाय हे पक्कं ठाऊक असतं, त्याच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण हा दाखला देणारे एक सांगत नाहीत. तिथल्या उच्च न्यायालयाने करार झालाच नव्हता असं म्हटलं नाही. करार झाला होता, पण चूक माहीत असूनही ती साधून घेतली म्हणून तो टिकला नाही, असं म्हटलं. घरासाठी एक टीव्ही घेणाऱ्या माणसाला या सहा जणांच्या रांगेत उभं करायचं, ही लबाडी आहे.

राहिल्या अटी-शर्ती. ‘तू “मान्य आहे” वर टिचकी मारलीस, त्यात लिहिलंय की माल निघेपर्यंत करार होत नाही आणि आम्ही कधीही ऑर्डर रद्द करू शकतो.’ लिहिलंय खरं. मग माल निघायच्या आधी पैसे कोणत्या कराराखाली घेतले? पैसे घेताना सौदा पक्का आणि माल देताना कच्चा! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अशा कलमांना नाव दिलंय. वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार मोडू देणारी अट असलेला करार हा ‘अनुचित करार’, आणि अशी अट निरर्थक ठरवायचा अधिकार राज्य आयोगाला आहे. ज्या सवलतीच्या भावाने विकायचा इरादाच नाही तो भाव जाहीर करणं, ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. जून 2022 च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांनी आमिषाच्या जाहिरातींना लगाम घातला, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ज्या 13 ‘डार्क पॅटर्न’ची, म्हणजे पडद्यावरच्या फसव्या युक्त्यांची, यादी काढली, तिच्यात एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं हाही एक आहे. टिचकी मारली म्हणून कायदा मरत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली अप्रामाणिक गोष्ट ही की चुकीची माफी एकाच बाजूला आहे. विमानाच्या तिकिटावर तुम्ही तारीख चुकलात तर काय होतं, आठवा. हॉटेलची खोली ‘नॉन-रिफंडेबल’ दराने चुकीच्या रात्रीसाठी घेतलीत तर? फुकटच्या महिन्यानंतर वर्गणी बंद करायची राहिली तर? तिथे कुणी म्हणतं का, ‘जाऊ दे, माणूस आहे, बोट घसरलं’? तिथे करार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण घराघरांत ऐकत वाढलेली माणसं कंपन्यांच्या बाब्याला इतक्या मायेने का पोसतात, हे मला उमगत नाही. निदान नियमांना तरी ही विषमता मान्य नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की दुकानाने एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर जो भुर्दंड ते स्वतः सोसत नसेल, तो गिऱ्हाइकाने रद्द केल्यावर त्याच्याकडून घेता येणार नाही. समतोलाचं तत्त्व कागदावर आहे. ते वापरायला आपल्याला लाज वाटते, एवढंच.

काही जण मग बाजारपेठेतल्या जुन्या रीतीचा आधार घेतात. आपल्या दुकानदारांच्या बिलावरही ‘भूलचूक देणे घेणे’ असतं की! असतं. बेरजेत पाच रुपये कमी लागले तर गिऱ्हाईक आणून देई, जास्त लागले तर दुकानदार बोलावून परत करी. घरी नेलेलं साडीचं पुडकं शेठने माणूस पाठवून ओढून आणलं, असं मी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर तरी कधी ऐकलं नाही. भाव सांगताना शेठ चुकला तर तो स्वतःवर चरफडे, गुमास्त्यावर ओरडे, आणि माल देई, कारण शब्द गेला होता.

एकच आक्षेप मी गंभीरपणे घेतो: छोटा विक्रेता मरेल. डिसेंबर 2014 मध्ये भाव लावणाऱ्या एका साधनाच्या बिघाडामुळे ब्रिटनमधल्या अनेक लहान विक्रेत्यांच्या वस्तू अॅमेझॉनवर तासभर एका पेनीला लागल्या होत्या, आणि काहींना जबर फटका बसला. पण त्याचा भार कुणी उचलायचा? ज्या बाजाराने कमिशन घेतलं, जाहिरातीचे पैसे घेतले, एक पेनीचा भाव डोळ्यांदेखत लागू दिला, त्याने? ज्याचं साधन बिघडलं त्याने? विमा कंपनीने? हे तिघे सोडून यादीतल्या सगळ्यात दुबळ्या माणसाकडे, शेवटच्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवायचं, ही छोट्या विक्रेत्याची कणव नव्हे. त्याला ढाल करून मोठ्याला वाचवणं आहे.

आणि ही वाचवावाचवी करणारे बरेच जण मराठी आहेत, याचं मला जास्त वाईट वाटतं. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. चाळीतल्या दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन महिन्याचं वाणसामान मागवायचं, वजन मापून घ्यायचं, खोट निघाली तर बोलायचं, हे आपल्या आयांनी केलं. त्यांना कुणी लोभी म्हटलं नाही. त्यांचीच मुलं आज होस्कोटे-मालूरच्या गोदामांतून आलेली खोकी लिफ्टमध्ये उचलतात आणि ‘दोनशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार’ म्हणतात. याच बेंगळुरूत नागसंद्रच्या आयकियाने चिन्ह छापलेल्या कागदी पिशवीचे 20 रुपये लावले म्हणून एक बाई ग्राहक आयोगात गेल्या, आणि 2023 मध्ये जिंकल्या. पिशवीचे वीस रुपये व्याजासह, वर भरपाई आणि खर्च मिळून 3,000.

पैसे घेतले, ऑर्डर नंबर दिला, की सौदा झाला. त्यानंतर चुकीची सबब सांगायची असेल तर ती दुकानाने सिद्ध करावी, पुराव्यासह, लेखी. सिद्ध करता आली नाही तर माल द्यावा, नाहीतर त्या दिवशी तीच वस्तू बाजारातून घेताना जितके जास्त मोजावे लागतील तितके द्यावेत. आपण न मागितलेल्या रिफंडने हे प्रकरण मिटत नाही.

म्हणून पुढच्या वेळी असा निरोप आला तर स्क्रीनशॉट पुसू नका. भाव, वेळ, ऑर्डर नंबर आणि रद्द केल्याचा निरोप जपून ठेवा. दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्याला नियमाने बंधनकारक आहे. नाही केलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरा. कंपनी दिल्लीची असो वा कुठलीही, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे व्हाइटफील्डकरांना बेंगळुरूतच, दावा लावता येतो. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, वकील लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य आहे.